निरक्षर संताची विज्ञानसाक्षरता

विज्ञानाचे पुस्तक पाठ असणे आणि विज्ञानसाक्षर असणे या भिन्न गोष्टी होत. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. मुलीच्या बारशाला बकरा व दारू त्यांनी नाकारली. 1905 मध्ये गृहत्याग केला. दिवसा खराट्याने गाव झाडावे, रात्री कीर्तनात नवस, पशुबळी, ऋण काढून केलेले सण यांविषयी प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढावे, हा त्यांचा क्रम 1956 मधील निधनापर्यंत चालला. कारण शोधावे, मगच मानावे, हीच विज्ञानाची रीत. सर्पविषावर उतारा प्रतिविषाच्या सुईचा. भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीत सर्पदंश झालेल्यास पदवीधर आप्तच मांत्रिकाकडे नेत असतील, तर निरक्षर कोणास म्हणावे?