बेन होगनची पकड तशीच उचलू नका!

पेणच्या रामवाडीत बसून मी गोल्फ मोबाईलवरच बघतो. ड्रायव्हरचा फटका सुधारायचा म्हटलं की बेन होगनचं नाव येतंच.

होगनचा जन्म १९१२ चा, टेक्सासमधला. नवव्या वर्षी वडील गेले. त्यानं पेपर विकले, मग गोल्फच्या बॅगा उचलल्या. व्यावसायिक झाल्यावर त्याचा बॉल जोरात डावीकडे वळायचा. यालाच हूक म्हणतात. त्यानं डाव्या हाताची पकड थोडी डावीकडे फिरवली आणि हूक आटोक्यात आणला. १९४९ मध्ये बसनं त्याच्या गाडीला धडक दिली, हाडं मोडली. तरी १९५० ची यूएस ओपन त्यानंच जिंकली. एकूण ९ मेजर. १९९७ मध्ये तो गेला.

पण तुमचा बॉल उजवीकडे वळत असेल, म्हणजे स्लाइस होत असेल, तर ही पकड त्रास वाढवेल. उजव्या हातानं खेळत असाल तर उलट करा:

- डावा हात थोडा उजवीकडे फिरवा. वरून बघताना मुठीच्या २-३ गाठी दिसायला हव्यात.
- बॉल डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा.
- खांदे डावीकडे उघडू नका, लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवा.

मोबाईल मागे उभा करून व्हिडिओ काढा. होगनकडून पकड नाही, आधी आपला दोष ओळखायची सवय घ्या.