टाळीला अक्षर देणारे पंडित भातखंडे

गोकुळाष्टमीस ज्यांचा जन्म झाला आणि गणेशचतुर्थीस ज्यांनी देह ठेवला, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण आपल्या मंदिराच्या पत्रिकेत व्हावे, हे उचितच होय. १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईस वाळकेश्वरी ते जन्मले. १८८७ साली वकील झाले. परंतु पत्नी व एकुलती कन्या निवर्तल्यावर संसाराचे पाश तुटले आणि पुढे वकिलीही सुटली. उरले ते गाणे.

त्या काळी चीज म्हणजे घराण्याचे धन. उस्ताद ती शिष्यासही सहजी देत नसत, आणि उस्तादाबरोबर चीजही जाई. पंडितजींनी रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे घेतली, जयपूरच्या महंमद अली खाँसाहेबांच्या घराण्यातून ख्याल मिळविले, आणि सर्व काही लिहून ठेविले.

कानाने ऐकून लिहिणे दिसते तितके सुलभ नव्हे. स्वर ओळखला तरी अर्धेच काम होते. कोणते अक्षर कितव्या मात्रेवर पडले, हे धरणे अधिक कठीण. गायक समेपासूनच उठेल असे नाही. त्रितालातील चीज पुष्कळदा नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर उठते. म्हणून लिहिणाऱ्याने आधी सम शोधावी आणि तेथून मागे मोजीत मुखड्याचा आरंभ गाठावा. पंडितजींच्या लिपीत समेस फुली, खालीस शून्य, इतर टाळ्यांस २, ३ असे अंक, विभागांमध्ये उभी रेघ. एका मात्रेत अनेक स्वर आले तर खाली अर्धचंद्र. अक्षर लांबले तर अवग्रह. भजनात झांज धरणारे आपले मूलही सम हाताने जाणते. तीच आता डोळ्यांनी वाचता येऊ लागली.

लिपीत गाण्याचा सांगाडा उतरतो, प्राण उतरत नाही, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला. आम्हांस तो खोटा वाटत नाही. मात्रेच्या किंचित मागे रेंगाळणारे अक्षर कोणत्या रेघेत मावणार? परंतु ज्या चिजांचा सांगाडाही राहिला नाही, त्यांचे नावसुद्धा आज कोणी घेत नाही.

१९१८ साली माधवराव महाराज शिंदे यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. तेथे शिकविण्यासाठी निवडलेल्या गायकांस आधी मुंबईस ही पद्धती शिकण्यास धाडले होते. त्यांत राजाभैया पूछवाले होते! मुरलेल्या गायकाने पुन्हा पाटीवर अक्षरे गिरवावी, हा विनय थोडा नव्हे. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर जी मराठी कुटुंबे ग्वाल्हेरीहून येथे आली, त्यांस हे विद्यालय परके नाही. पुढे १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज निघाले.

‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत १८००हून अधिक चिजा आहेत. १९३३ साली पक्षाघाताने पंडितजी अंथरुणास खिळले, ते पुन्हा उठले नाहीत. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, घरोघर गणपती बसत असता, ते गेले. मालिकेचे शेवटचे दोन भाग त्यांच्या पश्चात छापून निघाले.