जुन्या-नव्या संगणकांना जोडणारे जॉन पोस्टेल

१९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या संगणकाला नेटवर्कचे कार्ड व योग्य सॉफ्टवेअर पुरवून त्याची केबल आजच्या घरगुती राउटरमध्ये खोचली, तर तो नव्या लॅपटॉपशी बोलू लागतो. हे ज्या नियमांमुळे घडते, त्यांपैकी अनेकांचे लेखन-संपादन जॉन पोस्टेल यांनी केले.

६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे जन्मलेले पोस्टेल लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असतानाच अर्पानेटच्या कामात ओढले गेले. नेटवर्कविषयीचे मसुदे ‘आरएफसी’ या नावाने प्रसृत होत. त्यांचे संपादन पोस्टेल यांनी अखेरपर्यंत सांभाळले. व्हिंट सर्फ व बॉब कान यांच्या मूळ कल्पनेतून घडलेल्या टीसीपी व आयपीची संहिता त्यांच्याच संपादनाखाली सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्र कोणत्या कंपनीचे, तार कोणत्या जातीची, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. पाठविताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, हा पोस्टेल यांचा आग्रह. या औदार्याने सदोष सॉफ्टवेअरही खपून जाते, अशी टीका पुढे झाली; ती अगदीच निराधार नाही.

१९८५ मध्ये त्यांनी जॉयस रेनॉल्ड्स यांच्यासह फाइल हस्तांतराच्या एफटीपी पद्धतीची संहिता सिद्ध केली. आजची कूटबद्ध संकेतस्थळे जुन्या यंत्रांना पेलत नाहीत; त्यामुळे त्यांवरील फायली नव्या संगणकावर उतरविताना हौशी मंडळींना हीच पद्धत उपयोगी पडते. घरोघरच्या राउटरवर दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले, तेही पोस्टेल चालवीत असलेल्या ‘आयाना’ने.

इतकी सत्ता एका माणसाच्या हाती होती, ती केवळ विश्वासावर. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी इंटरनेटची मुख्य नामसूची सांभाळणाऱ्या बारापैकी आठ दुय्यम सर्व्हरच्या चालकांना, ती सूची सरकारी कंत्राटदार कंपनीऐवजी आपल्या संगणकाकडून घेण्यास सांगितले. आठही जणांनी ते ऐकले! वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. ही केवळ चाचणी होती, असा खुलासा करून पोस्टेल यांनी पूर्वस्थिती आणली. त्याच वर्षी ‘आयकॅन’ ही नवी संस्था स्थापन झाली. मात्र तिची घडी बसण्यापूर्वीच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसीच्या मालिकेतच, २४६८ या क्रमांकाने, प्रसिद्ध झाला.