मुलांचे घर

इटलीत अँकोना शहराजवळ किआरावाल्ले नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी ३१ ऑगस्ट १८७० रोजी मारिया माँटेसरी यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई सुशिक्षित असून तिला वाचनाची फार आवड होती. मारिया लहान असतानाच हे कुटुंब रोम येथे राहावयास गेले. मुलीने शिकून फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची समजूत होती. मारियाने मात्र मुलांच्या तंत्रशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. वडिलांना हे रुचले नाही; आईने धीर दिला. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत स्त्रीने शवविच्छेदन करणे अशिष्ट मानले जाई. त्यामुळे इतर विद्यार्थी निघून गेल्यावर तिला एकटीलाच ते काम करावे लागे. अशा कष्टांतून १८९६ साली तिने रोम विद्यापीठाची पदवी मिळवली.

पदवीनंतर डॉ. माँटेसरी मनोरुग्णालयांत जाऊ लागल्या. बुद्धीची वाढ मागे राहिलेली मुलेही तेथे कोंडून ठेवलेली असत. जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचून हाताळीत बसत. देखरेख करणारीला तो अधाशीपणा वाटे. डॉक्टरांनी पाहिले, की त्या रिकाम्या खोलीत हातात घेण्यासारखी दुसरी वस्तूच नाही. भूक पोटाची नव्हती, हातांची होती. इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ अभ्यासून त्यांनी अशा मुलांसाठी साधने तयार केली. त्यांतील काही मुले सर्वसामान्य मुलांच्या बरोबरीने लेखनवाचनाची परीक्षा उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. डॉक्टरांच्या मनात मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. ही मुले इतके शिकतात, तर शाळांतील निरोगी मुले मागे का पडतात?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी १९०७ साली आली. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आईबाप कामावर गेले, की मुले चाळींतून मोकाट फिरत आणि जिने व भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढाच चाळमालकांचा हेतू होता. ६ जानेवारी रोजी तेथे सुमारे पन्नास मुलांचा वर्ग सुरू झाला. त्याला ‘मुलांचे घर’ असे नाव मिळाले. डॉ. माँटेसरींनी तेथे आपली साधने ठेवली आणि त्या पाहत राहिल्या.

एके दिवशी तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील लहानमोठे दट्टे काढून पुन्हा आपापल्या भोकांत बसवीत होती. भोवती इतर मुले गाऊ लागली; तिने मान वर केली नाही. डॉक्टरांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम चालूच राहिले. चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती आपण होऊन थांबली. तिच्या मुखावर थकवा नव्हता, समाधान होते. दट्टा चुकला तर तो भोकात बसत नसे. तेव्हा चूक दाखवावयास दुसऱ्या कोणाची गरजच नव्हती.

आणखी एका दिवशी शिक्षिकेला येण्यास उशीर झाला. आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावावयाचेही राहून गेले होते. मुले कपाटातून हवे ते साधन काढून घेत होती. शिक्षिकेला ती चोरी वाटली. डॉक्टरांना मात्र त्यात मुलांची निवड दिसली. तेव्हापासून उंच कपाटांच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली.

खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली असत. मुले त्यांवरून बोट फिरवीत आणि त्या अक्षराचा उच्चार करीत. त्याच वर्षी हिवाळ्यातील एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलास खडूने धुराडे काढावयास सांगितले. चित्र काढता काढता तो अचानक शब्द लिहू लागला आणि आपल्याला लिहिता येते म्हणून आनंदाने ओरडला. पाहता पाहता इतर मुलेही जमिनीवर लिहू लागली.

या अनुभवांवर आधारलेले डॉ. माँटेसरींचे पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांची पद्धती देशोदेशी पसरली. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने आरंभी त्यांना आश्रय दिला. परंतु त्या राजवटीला आज्ञेसरशी पावले टाकणारी मुले हवी होती, तर डॉ. माँटेसरींना आपले काम आपण निवडणारी. हा मेळ टिकला नाही. १९३४ च्या सुमारास तेथील त्यांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांनी मायदेश सोडला.

१९३९ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मद्रासजवळील अड्यार येथे शिक्षकांना शिकवण्यासाठी आल्या. पुढील वर्षी इटली युद्धात उतरल्याने त्या येथे शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या व त्यांचे चिरंजीव मारिओ यांना काही काळ स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही त्यांचे अध्यापन थांबले नाही. १९४६ पर्यंत त्यांनी शेकडो भारतीय शिक्षक तयार केले.

त्यांचे विचार येथे त्यापूर्वीच पोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी त्या विचारांनी बालमंदिर चालवले. पुढे १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी खेड्यातील मुलांसाठी काम आरंभले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, पाने व खडे घेतले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये डॉ. माँटेसरींचे निधन झाले. शिकणे हे मुलाचे स्वतःचे काम आहे, हे त्यांनी ओळखले. मोठ्यांनी त्यासाठी जागा करावी, साधन द्यावे आणि मूल कामात गढले असता बाजूस उभे राहावे, हा अवघड धडा त्यांनी जगाला दिला.