रावबहादूर धुरंधर आणि परत गेलेले एक चित्र

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या वेळी आपल्या महाविद्यालयात परिसरातील कलावंतांचे चित्रप्रदर्शन भरले होते, हे सर्वांना आठवत असेलच. तळेगाव, आष्टी, आर्वी, कारंजा या भागातील लहानथोर कोणालाही चित्र पाठविण्याची मुभा होती. मात्र आलेले प्रत्येक चित्र भिंतीवर लागणार नव्हते. तीन परीक्षक चित्रे पाहणार, निवडलेली मांडली जाणार, त्यांतून तिघांना पारितोषिके मिळणार आणि उरलेली ज्याची त्याला परत जाणार, असा नियम होता. माझ्याकडे नोंदवहीचे काम होते. चित्र आले की अनुक्रमांक घालायचा, नाव-गाव लिहायचे, पाठीमागे चिठ्ठी चिकटवायची आणि निवड झाल्यावर न लागलेली चित्रे सही घेऊन परत द्यायची. त्या टेबलावर बसून मी जे वागले, ते वर्षभर मला टोचत राहिले आहे. ते मी लेखाच्या शेवटी सांगणार आहे. ज्या माणसाच्या चरित्रामुळे ते सांगण्याचा धीर मला झाला, त्याची ओळख आधी करून देते.

परीक्षकांपुढे आपली वस्तू ठेवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आपण सर्वांनीच लाकडी नंदी सजवून तोरणाखाली उभे केले आहेत आणि बक्षीस कोणाच्या नंदीला मिळते याची श्वास रोखून वाट पाहिली आहे. परंतु चित्रे मागवायची, निवडायची, भिंतीवर मांडायची आणि पदके द्यायची, ही प्रथा आपल्या महाराष्ट्रात कोठून आली, याचे मला कुतूहल वाटू लागले. ग्रंथालयात त्याचा शोध घेताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले. ते नाव म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. कोल्हापूरला आज आपण कलानगरी म्हणून ओळखतो. तेथेच आबालाल रहिमान यांच्यासारख्या थोर चित्रकाराचे मार्गदर्शन त्यांना लाभले. चित्रे काढून संसार चालतो, यावर आमच्याकडे आजही कोणाचा विश्वास नाही. दीडशे वर्षांपूर्वीची तर गोष्टच सोडा. तरीही हा तरुण १८९० साली, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

ही कलाशाळा १८५७ साली सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून सुरू झालेली. धुरंधर तेथे गेले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तिचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. शाळेची शिस्त मोठी कडक. प्रथम प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून रेखाटने करायची, छायाप्रकाश साधायचा, मग जिवंत माणूस समोर बसवून त्याच्या अंगाची ठेवण अभ्यासायची आणि त्यानंतर कोठे रंगाला हात घालायचा, असा तो क्रम. पद्धत सारी विलायती. परंतु ती शिकणारे हात मात्र इथल्या मातीतले होते.

त्याच सुमारास, १८८८ साली, मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली होती. ही संस्था दरवर्षी चित्रांचे प्रदर्शन भरवी. आरंभी तिच्यावर इंग्रज अधिकारी आणि कलेची हौस असणारी युरोपीय मंडळी यांचाच पगडा होता. चित्रे पाठविणाऱ्यांत त्यांचाच भरणा आणि निवड करणारेही तेच. अशा ठिकाणी एका देशी विद्यार्थ्याने आपले चित्र पाठवायचे म्हणजे काय, याची कल्पना मला आमच्या त्या टेबलावर बसल्यामुळे थोडीशी आली. चित्र एकदा हातातून सुटले की ते एकटेच परीक्षकांपुढे उभे राहते. ते काढणारा कोण, त्याने किती रात्री जागून काढल्या, हे सांगायला तिथे कोणी नसते. त्यातून ते चित्र आपल्या घरातले, आपल्या बायाबापड्यांचे असेल आणि पाहणारा सातासमुद्रापलीकडचा असेल, तर त्याला ते उमगेल का, ही धास्ती निराळीच.

धुरंधरांनी ही धास्ती ओलांडली. १८९५ साली त्यांच्या एका चित्राला सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. लक्ष्मीला, तू आलीस का, असे विचारणारे त्या चित्राचे नाव होते. परीक्षकांना रुचेल म्हणून त्यांनी विलायतेतला देखावा रंगविला नाही. तंत्र त्यांनी शाळेत शिकलेले वापरले आणि विषय घेतला आपल्या जगातला. नावातच घरच्या बोलण्याचा सूर आहे. पदक घेतले तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ते त्याच कलाशाळेत शिक्षक झाले. १९१० साली मुख्याध्यापक झाले. पुढे मुंबई इलाख्यातील शाळांमधून चित्रकलेचे निरीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असल्यामुळे आपल्याकडच्या शाळांना त्यांचे पाय लागले नसतील. परंतु एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसताना ज्या शिस्तीने आपण वस्तुचित्र काढले, ती शिस्त महाराष्ट्रात रुजविणाऱ्या पिढीतले ते एक होते. ज्या टेबलाच्या एका बाजूला आपले चित्र घेऊन ते उभे राहिले होते, त्याच्याच दुसऱ्या बाजूला बसून आता इतरांची चित्रे पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९२७ साली सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. १९३० मध्ये काही काळ ते या कलाशाळेचे हंगामी संचालक झाले. जिथे विद्यार्थी म्हणून आले, तिथेच सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोहोचले आणि १९३१ साली निवृत्त झाले. पुढे १९४० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. १८९० ते १९३१ हा हिशेब त्या नावातच मांडलेला आहे.

या एकेचाळीस वर्षांत त्यांचा हात क्षणभर थांबला नसावा, इतके त्यांचे काम विपुल आहे. तैलचित्रे, जलरंगातील चित्रे, रेखाटने, छापील चित्रे, पोस्टकार्डे, पुस्तकांतील चित्रे असे काहीही त्यांनी कमी लेखले नाही. मला विशेष जवळची वाटली ती त्यांची पुस्तकांतील चित्रे. श्रावणात आमच्या घरी आजी ज्या कहाण्या सांगते, तशा महाराष्ट्रातील कहाण्या किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. त्यांना चित्रे काढली धुरंधरांनी. रॉथफिल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील आणि जातीजमातींतील स्त्रिया रंगविल्या. लुगड्याचा काचा, कमरेवरची घागर, डोक्यावरचा पदर या गोष्टी त्यांनी इतक्या बारकाईने पाहिल्या आहेत की, त्या काळी बाया कशा वावरत हे जाणून घ्यायला आज त्यांच्या चित्रांकडे वळावे लागते.

शिवकालातील प्रसंगही त्यांनी रंगविले. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि मोठे रसिक. त्यांनी उभारलेल्या औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची चित्रे आजही पाहावयास मिळतात. नवी दिल्लीतील सचिवालयात कायदा खात्याच्या सदस्याचे दालन सजविण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी तेथे पूर्वीच्या काळच्या न्यायदानाचे प्रसंग चितारले. एके काळी परदेशी परीक्षकांचा निकाल ऐकण्यासाठी उभा राहिलेला हा माणूस राजधानीत न्यायाधीशांची चित्रे काढत होता, हे वाचून मला गंमत वाटली. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार झाल्या. १ जून १९४४ रोजी मुंबईत धुरंधर निवर्तले.

इथे त्यांचे चरित्र संपायला हवे होते. परंतु कलावंताच्या बाबतीत तसे होत नाही. त्याच्या माघारी आणखी एक परीक्षक मंडळ बसते, ते म्हणजे काळ. धुरंधर हयात असतानाच बंगालमधील नव्या विचाराच्या मंडळींना विलायती पद्धतीची ही चित्रकला नक्कल वाटू लागली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत नव्या दमाचे चित्रकार पुढे आले. त्यांना हुबेहूब चित्रणाचेच वावडे होते. ज्या चित्रांना पदके मिळाली होती, ती जुनाट ठरली आणि धुरंधरांचे नाव मागे पडले. मग पुन्हा वारे फिरले. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि लोकांनी ती नव्याने पाहिली. चित्रे तीच होती. एकही रेघ बदलली नव्हती. बदलले होते ते पाहणारे.

दुसरीही एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. १९१८ साली सावळाराम हळदणकर आणि त्यांचे सहकारी कलावंत यांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही वेगळी संस्था काढली. कोणाच्या भिंतीवर कोणाचे चित्र लागावे, हे ठरविण्याचा अधिकार एकाच टेबलाकडे राहू नये, हे कलावंतांना तेव्हाच उमगले होते, असे मला वाटते. परीक्षक नकोत असे माझे म्हणणे नाही. निवड नसेल तर प्रदर्शनाचा बाजार होईल. पण निकाल हा त्या दिवसाचा, त्या तीन माणसांचा असतो, एवढे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवले पाहिजे.

आता माझी गोष्ट सांगते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे वडील सातवीपर्यंत शिकले. गावात त्यांना सगळे पेंटर म्हणतात. हमरस्त्यावरच्या धाब्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागची कमळे आणि मोर, पोळ्याला बैलांची शिंगे हे त्यांचे काम. फ्लेक्स आल्यापासून बोर्डांचे काम जवळजवळ बुडाले. मोकळा वेळ मिळू लागला तशी त्यांनी प्लायवूडच्या तुकड्यावर कापूस वेचणाऱ्या बाया रंगविल्या. कमरेला बांधलेली ओटी, त्यात गच्च भरलेला कापूस, उन्हामुळे ओढलेला पदर. रंग बोर्डाचाच, चकचकीत. त्या बायांत मधली माझी आई आहे, हे फक्त आम्हालाच ठाऊक.

प्रदर्शनाची बातमी मीच घरी सांगितली होती. त्यांनी ते चित्र एका मुलाच्या हाती पाठविले. मी नोंद केली. परीक्षकांनी ते निवडले नाही. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. बोर्डाच्या रंगातले चित्र जलरंगांच्या रांगेत वेगळे दिसत होते. पण माझ्या शेजारी बसलेल्या एकीने हसून हे कोणाचे म्हणून विचारले, तेव्हा मी चिठ्ठीवरचे नाव परक्याचे वाचावे तसे वाचून दाखविले. आमचे आडनाव या भागात पुष्कळांचे आहे. कोणाच्या काही लक्षात आले नाही.

संध्याकाळी बाबा सायकलवरून चित्र न्यायला आले. मैत्रिणींसमोर मी मान खाली घालून नोंदवही पुढे सरकवली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. त्यांना सगळे कळले. घरच्या नावाने त्यांनी मला हाक मारली नाही. सही केली, टेबलावरच्या सर्वांना नमस्कार केला आणि चित्र कॅरिअरला बांधून ते निघून गेले. घरीही त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. चित्र धान्याच्या कोठीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे.

धुरंधरांचे चरित्र वाचताना मला त्या बाया आठवत होत्या. धुरंधरांजवळ शाळा होती, गुरू होते, तैलरंग होते. बाबांजवळ यांतले काही नव्हते. त्यांची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. परंतु आपल्या अवतीभवतीच्या कष्टाळू बाईकडे थांबून पाहावे आणि तिचा पदर नेमका उतरावा, ही ओढ मात्र दोघांत एकच आहे. परीक्षकांनी चित्र नाकारले, तो त्यांचा अधिकार होता. मी माणूस नाकारला, तो अधिकार मला कोणी दिलेला नव्हता.

महादेव विश्वनाथ धुरंधर. हे नाव लिहिताना मधे त्यांच्या वडिलांचे नाव येते. आपल्या हजेरीपटावर माझ्याही नावाच्या आणि आडनावाच्या मधे एक नाव आहे. गेल्या वर्षी नोंदवहीत लिहिलेले नाव तेच होते. या वर्षी प्रदर्शन भरले तर मी ते चित्र कोठीमागून काढून स्वतः घेऊन येणार आहे. बाबांनी अजून होकार दिलेला नाही. ते निवडले जाईल की नाही, हे परीक्षक ठरवतील. नोंदवहीवर जी कोणी बसेल, तिला मात्र ते कोणाचे आहे हे मी आधीच सांगणार आहे.