चीनचा परदेशी स्नेही

सोळाव्या शतकात चीनच्या साम्राज्याची दारे परकीयांना जवळजवळ बंद होती. पोर्तुगीज व्यापाऱ्यांना दक्षिण किनाऱ्यावरील मकाव बंदरात राहण्याची मुभा होती. परंतु तेथून आत पाऊल टाकावयाचे तर अधिकाऱ्यांची परवानगी लागे, आणि ती मिळाली तरी परक्याकडे संशयानेच पाहिले जाई. अशा देशात मात्तेओ रिच्ची या इटालियन विद्वानाने आयुष्याची अखेरची २७ वर्षे काढली आणि तेथेच देह ठेवला.

रिच्चीचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता या गावी झाला. मुलाने कायद्याचा अभ्यास करावा म्हणून वडिलांनी त्याला रोमला पाठविले. परंतु १५७१ मध्ये तो तेथे जेझुइट धर्मसंघात दाखल झाला. क्लाव्हियस या नामांकित पंडिताजवळ तो गणित व ज्योतिष शिकला. १५७८ मध्ये धर्मप्रसारासाठी तो लिस्बनहून गलबताने निघाला आणि सुमारे सहा महिन्यांनी गोव्यास पोहोचला. तेथे तो लॅटिन व ग्रीक भाषा शिकवीत असे. हिंदी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण देऊ नये, असे तेथील काही वरिष्ठांच्या मनात आले, तेव्हा या तरुणाने रोमला पत्र लिहून त्या विचारास विरोध केला. पुढे चीनमध्ये तो ज्या वृत्तीने वागला, तिची चुणूक येथेच दिसते.

१५८३ मध्ये रिच्ची व त्याचा एक सहकारी झाओचिंग या शहरी राहावयास गेले. आपल्याला मान मिळावा म्हणून दोघांनी डोकी भादरून बौद्ध भिक्षूंची वस्त्रे धारण केली होती. मान मिळणे दूरच राहिले. लोक त्यांच्या घरावर दगड फेकीत. रिच्ची मात्र नेटाने चिनी भाषा व लिपी शिकत राहिला. १५८४ मध्ये त्याने चिनी अक्षरांत पृथ्वीचा नकाशा तयार केला. तरीही १५८९ मध्ये नव्या सुभेदाराने त्याचे घर काढून घेतले, आणि त्याला शाओचौ येथे नवे बिऱ्हाड थाटावे लागले.

तेथे छ्यू थायसू नावाचा एक सरदारपुत्र त्याच्याकडे आला. या परदेशी माणसाला पाऱ्याची चांदी करण्याची किमया येते, अशी वदंता त्याने ऐकली होती. ती किमया काही रिच्चीजवळ नव्हती. होते ते युक्लिडचे भूमितिशास्त्र. छ्यू तेच शिकू लागला आणि पाहता पाहता शिष्याचा मित्र झाला. परक्या माणसाला जे कोणी सांगत नाही, ते त्याने सांगितले. चिनी विद्वान भिक्षूंना कमी लेखतात. तेव्हा त्यांची वस्त्रे टाकून पंडितांचा वेष घ्यावा, असा त्याचा सल्ला होता. रिच्चीने केस व दाढी वाढविली आणि १५९५ मध्ये तो रेशमी झगा घालून वावरू लागला.

त्याच वर्षी तो नानजिंगला गेला. पण कोरियात जपानशी युद्ध चालू असल्यामुळे परकीयांविषयीचा संशय वाढला होता. पूर्वी स्नेहाने वागलेल्या एका अधिकाऱ्यानेच भीतीपोटी त्याला शहराबाहेर घालविले. खिन्न मनाने तो नानचांगला आला. हे शहर विद्वानांचे; तेथील शिष्टाचार मोठा काटेकोर. भेटीस जाताना आपल्या नावाची पत्रिका पुढे करावी, ठरलेल्या रीतीने वाकून नमस्कार करावा, चहा घ्यावा. आणि कोणी आपल्याकडे येऊन गेला तर त्याची परतभेट चुकवू नये. या उपचारांना कंटाळून कित्येक परदेशी माणसे घरीच बसली असती. रिच्चीने ते सारे आत्मसात केले. त्याची स्मरणशक्ती तर विलक्षणच होती. असंबद्ध अशी शेकडो चिनी अक्षरे एकदा वाचून तो ती सुलट व उलट म्हणून दाखवी. ही विद्या शिकण्यासाठी लोक येऊ लागले. तेथील एका राजपुत्राने त्याच्याशी स्नेह जोडला. त्याच्यासाठी रिच्चीने प्राचीन युरोपीय पंडितांचे मैत्रीविषयक विचार चिनी भाषेत लिहून काढले. चिनी परंपरेत मैत्री ही पाच प्रमुख नात्यांपैकी एक मानली जाते. त्यामुळे हे छोटे पुस्तक लोकांना परके वाटले नाही. विद्वानांनी ते आपण होऊन छापले, आणि लेखकाच्या आधी त्याचे नाव दूरदूरच्या नगरांत पोहोचले.

२४ जानेवारी १६०१ रोजी रिच्ची राजधानी पेकिंग, म्हणजे आजचे बीजिंग, येथे दाखल झाला. त्याने भेट दिलेली घड्याळे वानली बादशहाला फार आवडली. पण त्या एकांतप्रिय बादशहाने त्याला कधी प्रत्यक्ष भेट दिली नाही. घड्याळे नीट चालावीत एवढ्यासाठी मात्र त्याला राजवाड्यात प्रवेश मिळे. खरा आसरा मित्रांचाच होता. ली झीझाओ याच्या साहाय्याने १६०२ मध्ये त्याचा मोठा नकाशा छापून निघाला. शू ग्वांगछी याच्यासह त्याने युक्लिडच्या पहिल्या सहा खंडांचे भाषांतर केले. ते १६०७ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इतर कित्येकांनी स्वीकारला नाही. तरी त्यांचे जाणे-येणे थांबले नाही.

१६१० मध्ये राज्यपरीक्षेसाठी हजारो विद्वान राजधानीत जमले. त्यांतील अनेकजण रिच्चीच्या दारी येत, आणि प्रत्येकाची परतभेट घेणे तर भागच. त्याच सुमारास ली झीझाओ अत्यवस्थ झाला. त्याची शुश्रूषाही रिच्चीने केली. ली बरा झाला, परंतु रिच्चीची प्रकृती या श्रमांनी ढासळली. ११ मे १६१० रोजी तो मरण पावला.

तोवर चीनमध्ये मृत्यू पावलेल्या जेझुइटांचे देह मकावला नेऊन पुरावे लागत. रिच्चीच्या सहकाऱ्याने बादशहाकडे अर्ज केला, दरबारातील मित्रांनी तो पुढे रेटला, आणि राजधानीच्या पश्चिम वेशीबाहेर जागा मिळाली. १९०० सालच्या दंगलीत ते थडगे उद्ध्वस्त झाले. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले. त्यावरील शिळेवर चिनी व लॅटिन अशा दोन्ही भाषांतील लेख कोरलेला आहे.