आपट्याच्या सालीचा दोरा

अर्जुनी मोरगावहून नवेगावबांधकडे जाताना मोह, पळस, उंबर, बांबू भेटतात. पाण्याच्या काठाला अर्जुनाची पांढरट खोडे दिसतात. आम्हा इथल्या माणसांना त्यांचे अप्रूप नाही. मोहफुले वेचावीत, पळसाच्या पत्रावळी लावाव्यात, बांबूची सुपे-टोपल्या विणाव्यात, एवढीच ओळख. पण सुश्रुतसंहिता वाचायला घेतली आणि मोडलेले हाड सांधण्याच्या प्रकरणात हीच मंडळी मला ओळीने उभी दिसली. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबूच्या कांबी, हे सुश्रुतांचे प्लास्टर!

कोण होते हे सुश्रुत? परंपरा त्यांना विश्वामित्रांचे पुत्र म्हणते. काशीचे राजे दिवोदास म्हणजे साक्षात धन्वंतरी, अशी श्रद्धा होती. त्यांच्याकडे काही मित्रांसह जाऊन सुश्रुतांनी शल्यविद्या मागितली. त्यांच्या काळाविषयी विद्वानांचे एकमत नाही. कोणी ख्रिस्तपूर्व सहावे शतक मानतात, कोणी बरेच अलीकडे येतात. ग्रंथावर पुढच्या पिढ्यांचेही हात फिरले. म्हणून त्यांचे चरित्र शोधायचे ते त्यांच्या कामातच.

आणि काम कसे? शिष्याने आधी कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर छेद घ्यायचा. कापडावर आणि चामड्यावर टाके घालायचे. माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर पट्ट्या बांधायच्या. मगच रोग्याला हात लावायचा. जखम शिवायला आपट्याच्या सालीचा तंतू, ताग, जवसाचा धागा, मोरवेल, गुळवेल, स्नायू, केस असे कितीतरी पर्याय त्यांनी दिले. दसऱ्याला सोने म्हणून लुटतो, त्याच आपट्याचा हा दोरा. फाटलेल्या आतड्याला मोठ्या काळ्या मुंग्या डसवून त्यांची धडे तोडायची; मुंडकी टाक्यासारखी घट्ट राहत. हाडाची पट्टी थंडीत सात, समशीतोष्ण दिवसांत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडायची; सैल बांधली तर हाड हलते, आवळली तर सूज येते. मला सर्वांत भावते ती एक बारीक सूचना. लहान मुले आणि शस्त्राला भिणारी माणसे यांच्यासाठी लोखंडाऐवजी बांबूची धारदार साल वापरावी, असे ते सांगतात. एवढ्या मोठ्या शल्यवैद्याला पोराची भीती दिसत होती!

ही विद्या पोथीत अडकून पडली नाही. कावसजी या इंग्रज फौजेच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले. 1793 च्या सुमारास पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते नवे घडवले. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ही हकीकत छापून आली, आणि 1814 मध्ये तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जनने ती रीत करून पाहिली. सुश्रुतांनी गालाची कातडी घ्यायला सांगितले होते. कारागिरांनी कपाळाची घेतली. मापासाठी सुश्रुतांकडे झाडाचे पान होते, तर पुण्यात मेणाचा साचा.

आज एका शस्त्रक्रियेमागे प्लास्टिकचा केवढा ढीग निघतो! म्हणून जगभरचे संशोधक पुन्हा निसर्गाकडे वळले आहेत. मक्याच्या साखरेपासून शरीरात विरघळणारे टाके आणि खिळे होतात, समुद्रशेवाळापासून ओल्या जखमेची पट्टी, कापसाच्या सेल्युलोजपासून रक्त थांबवणारी जाळी. कोळंबीच्या टरफलातल्या कायटिनपासूनही मलमपट्टी होते. मुंगीचे कवच त्याच कायटिनचे.

पण आमच्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते, अशी फुशारकी मारून उपयोग नाही. जंतुमुक्त न केलेला वेलीचा धागा आज कोणाच्या जखमेत घालणे हा गुन्हाच ठरेल. घ्यायची ती सुश्रुतांची नजर. आजूबाजूचे झाड ओळखावे, त्याचा तंतू ताणून पाहावा, कोणत्या जखमेला काय मानवते ते हातांनी पारखावे. त्यासाठी आधी झाड उभे हवे, आणि त्याचे नाव मुलांना ठाऊक हवे. सुटीच्या दिवशी मुलांना रानात न्या. आपटा कोणता आणि अर्जुन कोणता, एवढे तरी त्यांना दाखवा.